उघड्या टपाची गाडी

राजाभाऊंनी सात माणसं बसतील अशी आपली मोठी गाडी विकून दोन सीटांची, कापडी टपाची लाल स्पोर्ट्स कार आणली, तेव्हा कतारमधल्या अल खोरच्या आमच्या कंपाउंडमध्ये दुसरा विषय नव्हता. साठीला टेकलेला माणूस, नाशिकचा, गॅस प्लांटमध्ये इंजिनिअर, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारा. कुणीतरी म्हणालं, साठी बुद्धी नाठी. कुणीतरी म्हणजे मीच. अजूनही म्हणते. ज्या गाडीत तांदळाचं पोतं बायकोच्या मांडीवर ठेवावं लागतं, तिला मी गाडी म्हणत नाही.

पण ती का आली, हे आम्हा शेजाऱ्यांना ठाऊक होतं. ती नयनासाठी आली होती.

नयना म्हणजे राजाभाऊंची बायको, माझी इथली पहिली मैत्रीण. गेल्या वर्षी दोहातल्या एका इमारतीच्या लिफ्टमध्ये ती अडकली. वीज गेली, आत मिट्ट काळोख, आणि बाहेरून वॉचमन नुसता 'पाच मिनिट, मॅडम' म्हणत राहिला. सुटली तेव्हा घामाने निथळत होती, पण हसत होती, त्यामुळे आम्हाला वाटलं, संपलं. पुढच्याच आठवड्यात आमच्या गाडीतून येताना तिने भर हायवेवर दार उघडायला घेतलं. त्यानंतर ती बंद गाडीत बसली नाही. बाथरूमला कडी लावेना. जूनमध्ये मुलीच्या साखरपुड्यासाठी पुण्याला निघाली, गाडीच्या सगळ्या काचा खाली करून कशीबशी विमानतळापर्यंत गेली आणि विमानाच्या दारातून परत फिरली. राजाभाऊही तिच्याबरोबर माघारी आले, आणि गार्गीचा साखरपुडा दोघांनी फोनवर पाहिला. लग्न पुढच्या मे महिन्यात ठरलं. "आई, लग्नाला तरी येशील ना?" असं गार्गीने विचारलं, तर नयनाने फोन नवऱ्याच्या हातात दिला.

मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणे ध्यान कर, कुणी म्हणे मन खंबीर कर. मन काय ढोकळा आहे, वाफवला की घट्ट व्हायला? एक हिबा नावाची तरुण डॉक्टर तेवढी शहाण्यासारखं बोलली. म्हणाली, "घाई करू नका. मोकळ्या हवेपासून सुरुवात करा, आणि दार उघडायचं की लावायचं ते तिच्या हातात राहू द्या." राजाभाऊंनी यातलं मोकळ्या हवेपासून एवढंच ऐकलं, आणि ऑक्टोबरअखेर ती लाल गाडी दारात उभी राहिली.

इथला हिवाळा म्हणजे देवाने उन्हाळ्याबद्दल मागितलेली माफी. नोव्हेंबर ते मार्च राजाभाऊंनी त्या एकाच गाडीवर संसार चालवला. पहाटेच्या धुक्यात ते तिच्यातून प्लांटला जात, कानटोपी घालून. कंपनीची बस शेजारून जाताना आतली माणसं हात हलवत. संध्याकाळी नयना शेजारच्या सीटवर, अंगावर शाल, डोक्याला मफलर, डोळ्यांना गॉगल. पहिल्यांदा कंपाउंडच्या फाटकापर्यंत. मग समुद्रापर्यंत. मग चहाच्या टपरीपर्यंत, जिथे हॉर्न वाजवला की कडक चहा गाडीत येतो. उत्तरेचा वारा सुटला की दोघं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी घरी येत, केसांत, कानांत, भाजीच्या पिशवीत वाळू. मी म्हटलं, "नयना, कोथिंबीर कमी आणि वाळवंट जास्त आणलंस." ती खूप दिवसांनी पोट धरून हसली. मग मी त्या गाडीला नावं ठेवायचं थोडं कमी केलं, अगदी थोडं.

पण टप उघडा ठेवून किती दिवस निभणार? एप्रिल उलटला की इथे उघड्या गाडीत बसणं म्हणजे तव्यावर बसणं. आणि विमानाला काही टप उघडता येत नाही. लग्न जवळ येत होतं, आणि त्या कापडी टपाखाली नयना एकदाही बसली नव्हती. डिसेंबरात राजाभाऊंनी इंजिनिअरकी केली. गाडी दारात उभी करून म्हणाले, "आज फक्त वीतभर ओढतो. उद्या दोन वीत. स्टेप बाय स्टेप." त्यांनी टपाला हात घालताच नयना गाडीतून उतरली ती थेट घरात, आणि दोन दिवस बोलली नाही. मी राजाभाऊंना सुनावलं, "अहो, ती बायको आहे तुमची, व्हॉल्व्ह नाही." त्यांनी मान खाली घातली. नंतर त्यांनी त्या टपाला हात लावला नाही, पण रोज रात्री ते विमानाची तिकिटं बघायचे आणि न काढताच फोन बाजूला ठेवायचे. हे मला नयनानेच रडत सांगितलं होतं.

जानेवारीत आमच्या दोहातल्या मैत्रिणीच्या, वल्लरीच्या मुलाचं, गंधारचं, बोरन्हाण ठरलं. पहिली संक्रांत पोराची. हलव्याचे दागिने नयनाने करायचं कबूल केलं. घरात बसून बसून तिला तेवढंच सुचत होतं. कोरडी थंडी पडली की परातीत तीळ घ्यायचे, मंद आचेवर थेंब थेंब पाक सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं, तेव्हा कुठे त्यांना काटा येतो. मग तो हलवा दोऱ्यात गुंफायचा. मुकुट, हार, बाजूबंद, एवढासा कंबरपट्टा. बोटांची टोकं पोळून लाल झाली होती तिची. इतका सुबक काटा मी पुण्याच्या दुकानातही पाहिला नाही, आणि मी उगाच कुणाचं कौतुक करत नाही.

रथसप्तमीच्या आधीच्या शुक्रवारी आम्ही निघालो. पुढे त्यांची लाल गाडी, नयनाच्या मांडीवर दागिन्यांचा पुठ्ठ्याचा डबा. मागे आमची गाडी, अवधूत म्हणजे माझा नवरा चालवत होता आणि मागच्या सीटवर बोरं, चुरमुरे, उसाची पेरं. आभाळ भरून आलं होतं, पण इथे दहा वेळा भरतं तेव्हा एकदा पडतं. निम्मं अंतर गेलं आणि ते पडलं. टपोरे थेंब, मग सरीवर सर.

राजाभाऊंनी गाडी कडेला घेतली. मागे आम्ही थांबलो. ते भिजत धावत माझ्या काचेशी आले. "शैलजावहिनी, डबा तुमच्या गाडीत घ्या. साखर आहे, विरघळेल सगळं."

"आणि नयना?"

"तिच्यासाठी छत्री आहे," ते म्हणाले. हायवेवर उघड्या गाडीत छत्री. मी काही बोलणार इतक्यात अवधूत म्हणाला, "समोर बघ."

नयना डब्यावर ओणवी झाली होती. साडीचा पदर, शाल, दोन्ही हात, सगळं त्या डब्यावर. मग ती सरळ झाली. एक हात डब्यावरच ठेवून तिने दुसरा मागे नेला, टपाची कडी धरली आणि ओढली. टप अर्ध्यावर अडकला. मला वाटलं, आता सोडेल. तिने डबा पायाशी ठेवला, सीटवर गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी ओढला. टप खाली आला, आणि मला ती दिसेनाशी झाली.

राजाभाऊ तसेच पावसात उभे. "जा की," मी ओरडले, "यल्ला!" तेव्हा ते धावले.

पुढचं नयनाने मला वल्लरीकडे गंधारला मुकुट बांधताना सांगितलं. तिला गाठ जमेना, म्हणून ती मी मारली. "छाती नुसती धडधडत होती गं. मी मोठमोठ्याने पाढे म्हणायला लागले. एकोणतीसच्या पाढ्यात चुकले, तर हे म्हणतात, चूक. मेलेच असते मी तिथे, आणि हे पाढे तपासतायत! असा राग आला की वाटेतलं लुसैल कधी मागे गेलं कळलं नाही."

"डबा आमच्याकडे का नाही दिलास?" मी विचारलं.

"डबा तुमच्याकडे गेला असता," ती म्हणाली. "मी कुठे गेले असते? तिथेच बसले असते, छत्री धरून."

मी बोरांची परात उचलली. गंधारच्या डोक्यावरून बोरं ओतली, पोरं ती वेचायला तुटून पडली, आणि गंधारने आपला बाजूबंद चाटून अर्धा केला.

संध्याकाळी निघालो तेव्हा आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. राजाभाऊ गाडीत बसले आणि टप उघडायला वळले. मग हात आवरून त्यांनी नयनाकडे पाहिलं. मी त्यांच्या खिडकीशीच उभी होते.

"थोडा उघडते," ती म्हणाली, आणि तिने वीतभर टप मागे सारला. मग थांबली. "अहो, गार्गीच्या लग्नाची तिकिटं आज काढा. मी घाबरेन. विमानातही पाढे म्हणेन. पण काढा."

राजाभाऊंनी तिथेच, गाडी चालू न करता, फोन काढला. चष्मा सापडेना त्यांना, डोळे भरले होते. शेवटी तिकिटं नयनानेच काढली.