चेंडू मांडल्यावर मैदानात गेलेली बाई

ऑरिन गावात आर्लिस कुबिचेकच्या हाताखालनं गेला नाही असा गुडघा शोधून सापडायचा नाही. कॉलेजच्या पोरांचे तर झालेच, पण धान्याच्या कोठाराच्या शिडीवरून घसरलेला पोस्टमन, गाईनं लाथ घातलेली पाद्र्याची बायको, आणि पळालेल्या डुकरामागं कुंपणावरून उडी टाकायला गेलेला मी. माझा गुडघा दाबत ती म्हणाली होती, "रॉली, वय झालंय का अक्कल गेलीय?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"मग पट्टी एकच बांधते. दोघांत वाटून घ्या."

बाई आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाची ट्रेनर. म्हणजे पोरांना पळवायची नव्हे; पोरं मोडली की बघायची. खाडीकाठच्या कुबिचेकांची धाकटी, तिघा भावांच्या पाठची. भावांचे निसटलेले खांदे बसवत वाढली आणि मग लिंकन शहरात जाऊन रीतसर शिकून, परवाना घेऊन आली. नवरा डेन्व्हरला गेला आणि तिलाही ये म्हणाला. ही गेली नाही. "तिकडं डोंगर हाय म्हणतोय," आम्हाला सांगायची. "डोंगर घेऊन मी काय करू? त्यावर मका येतोय व्हय?" तो विषय तिथंच संपला. अंगाला कायम दुखऱ्या सांध्यांच्या मलमाचा वास, कमरेला पट्ट्या-कात्र्यांची पिशवी, आणि हसली तरी भुवया खाली येत नसत.

तिचं नि माझं रोजचं काही नव्हतं. पण शनिवारी सामना असला की मी आणि मर्ल ऑलमन तिच्या शेजारीच उभे असतो, कारण आम्ही साखळीवाले. दहा यार्डांची साखळी, दोन टोकांना दोन दांड्या. चार खेळ्यांत चेंडू हातात घेऊन, धडका देत साखळीभर पुढं नेला की नव्या चार खेळ्या. नाही नेला की चेंडू समोरच्याच्या हाती. साखळीवाल्यानं ओरडायचं नाही, टाळी वाजवायची नाही, शिवी द्यायची नाही. पोटचं पोरगं मैदानात असलं तरी नाही. मर्लचं होतं. टीग नाव. बचावात मधोमध उभा राहायचा आणि येईल त्याला छातीवर घ्यायचा.

नियम तर दरवर्षी बदलतात. डोक्यानं डोक्याला धडक दिली की पोरगं बाहेर. पूर्वी नव्या चार खेळ्या मिळाल्या की घड्याळ थांबायचं, आम्ही दांड्या खांद्यावर टाकून लग्नाला निघाल्यासारखे रमत जायचो. आता खेळ लवकर उरकायचा म्हणून घड्याळ चालूच ठेवतात, आणि दोन म्हातारे साखळीत पाय अडकवत धावतात. मर्ल म्हणतो, "पोरांची डोकी वाचवली, झ्याक झालं. आमच्या कंबरेचं कोण बघणार?"

आता कोच हॅगस्ट्रमचं सांगतो. हा गडी दक्षिणेकडनं आलेला, बोलायला लोण्यासारखा. कॉलेजच्या सगळ्या खेळांचा कारभारही त्याच्याकडंच. समोरचा संघ भराभर खेळायला लागला आणि आमच्या पोरांच्या छातीचे भाते झाले, की हा टोपी काढून डोकं खाजवायचा. त्यासरशी आमचं एखादं पोरगं पोटरी धरून आडवं. खेळ थांबायचा, आर्लिसबाई मैदानात जायची, तोवर बाकीचे पाणी पिऊन ताजे. सगळ्या गावाला हे ठाऊक. कोचचा हात टोपीकडं गेला की लोक ओरडायचे, "झोपा रे, झोपा!" आणि कुणीतरी झोपायचंच.

बाईला ते सहन व्हायचं नाही. एकदा टेक्सासहून आमच्या संघात आलेलं एक दांडगं पोरगं असंच आडवं झालं. बाई गेली, त्याला हाताला धरून कडेला आणलं, आणि त्याचं हेल्मेट काढून औषधांच्या पेटीत घालून कुलूप लावलं.

पोरगं गोंधळलं. "बाई, मी ठीक आहे. पुढच्या खेळीला जायचंय."

"पोटरी दुखतीय म्हणालास."

"हो, पण म्हणजे..."

"मग दुखू दे. बस खाली." आणि त्याच्या धडधाकट पोटरीवर तिनं बर्फाची पिशवी आवळली. नोव्हेंबरचा वारा सुटलेला. पोरगं दात वाजवत बसलं.

हॅगस्ट्रम तणतणत आला. "आर्लिस, हेल्मेट दे त्याचं."

"न्हाई देणार. पोरगं जखमी हाय."

"त्याला काही झालेलं नाही, तुलाही माहीत आहे!"

"मोठ्यानं बोला की," बाई म्हणाली. "पंचाला ऐकू जाऊ दे."

सामना संपेपर्यंत पोरगं बर्फावर. मी दांडीमागं तोंड लपवून हसलो. हसायला नियमात मनाई नाही.

अशी सोंगं देशभर चालायची, म्हणून गेल्या साली वरनं नवा नियम आला. पंचानं पुढच्या खेळीसाठी चेंडू जमिनीवर मांडला, आणि त्यानंतर कुणाला बघायला संघाचं माणूस मैदानात शिरलं, की त्या संघाचा एक टाइमआउट, म्हणजे अर्ध्या सामन्याला मिळणाऱ्या तीन हक्काच्या थांब्यांपैकी एक, कापायचा. टाइमआउट संपले असतील तर पाच यार्डांचा दंड. सोंगं एका झटक्यात बंद झाली. बाई खूश झाली असेल असं मला वाटलं. पण हॅगस्ट्रमनं पहिल्याच दिवशी तिला बोलावून बजावलं, "चेंडू मांडल्यावर माझ्या खुणेशिवाय पाऊल आत टाकायचं नाही. पडलेल्यानं स्वतः उठून बाहेर यायचं."

"आणि उठता न्हाई आलं तर?"

"तर मी सांगेन तुला."

"तुम्ही कवापासनं डोकी तपासाय लागला?" एवढं बोलून ती निघून आली. हो म्हणाली नाही.

ऑक्टोबर सरता सरता केअर्नीकडच्या एका कॉलेजबरोबर सामना होता. जिंकलो असतो तर पुढच्या फेरीत. कॉलेज अठ्ठावीस वर्षांत तिथवर गेलं नव्हतं. मक्याची मळणी अर्धवट टाकून लोक आलेले. वाहनतळावर ट्रक, हार्वेस्टर, सगळं. शेवटची मिनिटं, आम्ही तीन गुणांनी पुढं, आणि ते आमच्या गोलरेषेच्या तोंडाशी. टाइमआउट एकही शिल्लक नाही. दोन तर हॅगस्ट्रमनं पंचांशी हुज्जत घालण्यात घालवले होते. त्यांची तिसरी खेळी. टीगनं त्यांच्या पळत्या गड्याला आडवं घेतलं, पण पडता पडता त्या गड्याचा गुडघा टीगच्या कानशिलावर बसला. आवाज आमच्यापर्यंत आला.

टीग उठला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता त्यांची शेवटची, चौथी खेळी, चार यार्ड हवेत. एवढी अडवली की सामना आमचा. घड्याळ चालू, ते घाईनं रांगेत आले, पंचानं चेंडू मांडला. आणि टीग चालत जाऊन त्यांच्या रांगेत उभा राहिला. शांतपणे वाकून हात जमिनीला टेकवला, शेजारी त्यांचाच धिप्पाड गडी. त्यानं ढकलला तसा टीग वळून आमच्या बाजूला आला आणि हनुवटीचा पट्टा सोडायला-लावायला लागला. सोडायचा, लावायचा. लोक हसत होते. त्यांना वाटलं, पोरगं चेष्टा करतंय.

मर्लची दांडी जमिनीत रुतली होती.

बाई निघाली. हॅगस्ट्रम आडवा झाला. "आर्लिस! चेंडू मांडलाय! पाच यार्ड जातील, त्यांना चार हवेत!"

"दिसतंय मला."

"एक खेळी! फक्त एक खेळी थांब!"

त्यानं तिच्या कमरेच्या पिशवीचा पट्टा धरला. बाईनं बक्कल काढलं, पिशवी त्याच्या हातात ठेवली आणि डोक्यावर दोन्ही हात हलवत मैदानात शिरली. शिट्टी झाली.

पाच यार्ड गेले. आम्ही दोघांनी साखळी उचलली आणि आमच्याच गोलाकडं सरकवली. हे काम दुसरं कोण करणार? त्यांना नव्या चार खेळ्या मिळाल्या, आणि दुसऱ्याच खेळीत चेंडू रेषेपार. सामना गेला, पुढची फेरी गेली; उरले ते नुसते मोसम संपवायचे सामने. आमच्या मागनं एक पेला भिरभिरत आला आणि बाईच्या पाठीवर फुटला. अंगावरनं सरबत ओघळत असताना ती कडेला आणलेल्या टीगच्या डोळ्यांत विजेरी मारत होती.

"मी बरा आहे, बाई. सोडा मला."

"कुठं जायचंय?"

"बाबांना सांगा, ट्रक भरलाय. मका सांडायला लागलाय." आणि मग तिच्या बुटांवर ओकला.

मर्ल हाकेच्या अंतरावर होता. त्यानं ऐकलं. मी बघितलं त्यानं ऐकलेलं.

आमच्याकडं सोमवारी दुपारी चर्चच्या तळघरात संघाला देणग्या देणाऱ्यांचं जेवण असतं. चिली, म्हणजे खिम्या-राजम्याचं तिखट कालवण, तिच्याबरोबर दालचिनीचे गोड पाव, आणि पडद्यावर शनिवारचा सामना. कोच समजावतो, लोक अक्कल शिकवतात. त्या सोमवारी हॅगस्ट्रमनं बाईला मुद्दाम बोलावलं होतं. ती मैदानात शिरते तिथं त्यानं चित्र थांबवलं आणि अगदी मायेनं म्हणाला, "हा नियम नवा आहे, मंडळी. गडबडीत आर्लिसचा गोंधळ झाला. माणसाकडून होतं. काय आर्लिस, सांगून टाक, म्हणजे विषय संपला."

बाई पाव खात होती. घास गिळून उभी राहिली.

"गोंधळ कसला? मला नियम ठाऊक हाय. चेंडू मांडलेला बी दिसला, पाच यार्ड बी दिसले. समजून-उमजून गेले."

खुर्च्या करकरल्या. बियाण्यांच्या दुकानाचा मालक म्हणाला, "अहो, पण एक खेळी थांबला असता तर काय बिघडलं असतं?"

"कदाचित काईच न्हाई," बाई म्हणाली. "कदाचित पोरगं जन्मभर आईला नाव इचारत बसलं असतं. तुमच्या नातवाचं डोकं देता का, एक खेळी लावून बघू."

मालक चिलीत बघायला लागला. हॅगस्ट्रमचा मऊपणा उतरला. "नियम नियम असतो, आर्लिस."

"नियम काय म्हणतोय? मी गेले तर पाच यार्ड. जाऊ नको असं कुठं म्हणतोय? किंमत सांगितलीय त्यांनी, दार न्हाई लावलं. दोन टाइमआउट तुम्ही तोंडाच्या वाफेवर घालवले. मी पाच यार्ड डोक्यावर घालवले. लोकांनीच बघावं कुणाचे वाया गेले."

मी मर्लला गुडघ्यानं ढोसलं. "बोल की. तुझं पोरगं हाय."

"काय बोलू?" मर्ल पावाचा तुकडा मोडत पुटपुटला. "हरलोच न्हवं आपण." आणि खात राहिला. बाईनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"पुढच्या शनिवारी तू कडेला नसशील," हॅगस्ट्रम सगळ्यांसमोर म्हणाला. "आत बसायचं, पट्ट्यांच्या खोलीत. बाहेर दुसरं कुणी उभं राहील."

"मला तिथं तुम्ही उभं केलेलं न्हाई," बाई म्हणाली. "संघाच्या डॉक्टरनं केलंय. त्यानं सांगितलं तर बघू." मग ताटलीतला उरलेला पाव कागदी रुमालात बांधून घेतला आणि जिना चढून गेली.

आठवडाभर गावात दुसरं बोलणं नव्हतं. बाईला हटवायला डॉक्टर कधी हो म्हणाला, कधी विचार करतो म्हणाला. तोही हॅगस्ट्रमबरोबर मासे धरायला जाणारा. ज्याला त्याला वाटत होतं बाई येणार नाही. कुणी म्हणे डेन्व्हरला जाईल.

शनिवारी आम्ही दांड्या घेऊन पोचलो तर बाई जागेवर उभी. थंडीनं नाक लाल. वर बाकांवर टीग काळा चष्मा लावून आईशेजारी बसला होता, रुसल्यासारखा. दोन महिने खेळायचं नाही म्हणून त्यानं बाईशी बोलणं सोडलं होतं.

हॅगस्ट्रम आला. "मी काय सांगितलं होतं?"

"ऐकलं व्हतं."

"मग?"

"मग उचलून न्या. बँड आलाय, लोकं आलीत. होऊ द्या सगळ्यांदेखत."

त्यानं दारावरच्या दोघा रखवालदारांकडं बघितलं. एकानं बुटाची नाडी बांधायला घेतली. दुसरा आकाशात ढग शोधायला लागला. हॅगस्ट्रम थुंकला आणि आपल्या जागी गेला.

दुसऱ्या सत्रात आमचं एक पोरगं मानेला हात लावून गुडघ्यावर बसलं. तोवर पंचानं चेंडू मांडलेला. लोकांना आता नियम पाठ झाला होता. सगळे बाईकडं बघत होते आणि हॅगस्ट्रम तिच्याकडं बघून मान हलवत होता: नाही, नाही.

बाई आत गेली. घाईनंसुद्धा नाही. पंचानं शिट्टी वाजवली, आमचा एक टाइमआउट कापला, आणि बाकांवरनं हुर्यो उठली. अशी की मक्याच्या रानातले पक्षी उडाले.

"जरा बिगीबिगी चाल म्हणावं तिला," मर्ल दांडीवर हनुवटी टेकून म्हणाला. "थंडी वाजतीय."

बाईनं पोराची मान दोन्ही हातांत धरून हलू दिली नाही, चार शब्द विचारले आणि त्याला घेऊन सावकाश परत यायला निघाली. हॅगस्ट्रम कडेवरनं ओरडत होता, "एक गेला, आर्लिस! आता दोनच राहिले!"

"उधळू नका," बाई पोराच्या मानेवरची नजर न काढता म्हणाली. "मला लागतील."