काकाच्या मनगटावरची खूण

नव्यानं लिहिणाऱ्यांना लोक शैलीवर व्याख्यानं देतात. गोष्टीतल्या माणसानं घरी येऊन थोबाड फोडलं तर काय करायचं, हे मात्र एकही जण सांगत नाही. माझं फुटलंय, म्हणून मी सांगतो.

दिवाळी अंकात माझी गोष्ट आली; ती लवकरच माझ्या पुस्तकातही येणार, असं खाली छापलं होतं. हिवरखेडचा माझा सख्खा काका काकूला कसा मारायचा, त्याची. गावाचं नाव बदललं, बैलांचा रंग बदलला, वाटलं झालं काम! पण काकाच्या मनगटावरची अर्धगोल खूण तशीच ठेवली. रानडुकरानं फोडलं, असं तो आम्हा पोरांना सांगायचा. मी तेच लिहिलं.

गावातल्या कोणीतरी घरी जाऊन काका-काकूला अंक वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी काकूला घेऊन काका अमरावतीत, माझ्या दारात. पाणीसुद्धा न घेता त्यानं अंक तोंडावर फेकला आणि कानाखाली अशी ठेवून दिली की दातानं ओठ फाटला.

"घरातलं चव्हाट्यावर मांडतं बे? पुस्तकातून थे गोष्ट काढ, नाई तं हात तोडतो तुहा!"

पुस्तकाची प्रुफं टेबलावरच होती, अकोल्याच्या छापखान्यात परत जायची. माझंही डोकं फिरलं. मी त्याची कॉलर धरली, तर त्यानं माझा उजवा हात पाठीमागे असा पिरगाळला की डोळ्यांपुढे अंधारी आली. खोटं कशाला बोलू, "काढतो, काढतो!" म्हणून मी ओरडलो.

"काढू नोको," दारातून काकू म्हणाली. "पर बापू, 'ती कोपऱ्यात रडत बसली' असं काहून लिवलं? मी रडली नाई. मी चावली यायले."

पुढे होऊन तिनं काकाचा हात ओढून काढला, बाही वर सारली. "हे डुक्कर मी आहो. तोंडात रगत आलं तवा सोडलं."

काका बाहीचं बटण शोधत बसला. ओठ ठणकत होता, तरी मला हसू आलं. मग लाज वाटली. काकूला रडवल्याशिवाय माझी गोष्ट करुण होत नव्हती, म्हणून मी तिला रडवलं होतं.

"चाल वं, गाडी चुकन," काका पुटपुटला.

"आधी लिवू द्या त्याले."

उजवा हात उचलत नव्हता. डाव्या हातानं वेडंवाकडं ते वाक्य खोडलं आणि ती सांगेल तसं लिहीत गेलो.

"त्या दिवसापासून यायनं माह्यावर हात नाई उचलला. थेबी लिव."

काका समोरच बसला होता. डाव्या हाताखालून कागद सरकत होता, तो त्यानं दाबून धरला.