एका फोल्डरचा सौदा

मी सांगितलेली किंमत समोरच्याने पहिल्या शब्दाला मान्य केली, असं माझ्या आयुष्यात एकदाच झालं, आणि त्या माणसावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तो युरोपात कुठेतरी राहतो. आमची कधी भेट झाली नाही. त्याने माझ्यावर उपकारच केले, असं बायको म्हणते. तिने सगळी नोकरी बँकेत केली. तिथे व्याजाचे दर भिंतीवर लावलेले असतात आणि ते वाचून माणसं गुपचूप सही करतात. तिला यातलं काय कळणार?

मी वाढलो नाशिकच्या फुलबाजारात. वडील मखमलाबादकडच्या मळ्यातली शेवंती आणि झेंडू घेऊन पहाटे बसायचे. एखादं गिऱ्हाईक पहिला भाव ऐकून मुकाट्याने फुलं घेऊन गेलं, तर वडिलांचा दिवस बिघडायचा. आपण कमी सांगितलं, हे ते जेवतानासुद्धा बोलून दाखवायचे. घासाघीस म्हणजे आमच्याकडे मान देणं. समोरच्याने तुमचं बोलणं ऐकलं, त्यातलं निम्मं फुगवलेलं आहे हे ओळखलं, आणि तरीही तो निघून न जाता तुमच्याशी वाद घालत उभा राहिला. आणखी काय पाहिजे माणसाला?

नव्वदच्या दशकात मी फुलं सोडून कॉम्प्युटर जोडायला लागलो. मुंबईहून सुटे भाग आणायचे, दुकानदाराला रडवायचं, नाशिकला येऊन गिऱ्हाइकापुढे स्वतः रडायचं. कुणी शिकवलं नाही, कुणी भांडवल दिलं नाही. पुढे अंबडच्या औद्योगिक वसाहतीत गाळा घेतला आणि कारखान्यांसाठी कॅमेऱ्याची कार्डं बनवायला लागलो. प्रेसमधून निघालेले वॉशर, म्हणजे बोल्टखाली बसवायच्या भोकाच्या चकत्या, पट्ट्यावरून पुढे सरकायचे, कॅमेरा प्रत्येकाचा फोटो काढायचा, माझं कार्ड तो फोटो कॉम्प्युटरच्या मेमरीत नेऊन ठेवायचं, आणि भोक वाकडं दिसलं की वॉशर बाजूच्या पिंपात पडायचा.

दोन हजारचं दशक संपत आलं तेव्हा माझ्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने नवे, भरपूर मेमरीचे कॉम्प्युटर घेतले. माझं कार्ड जुन्या घडणीचं. त्याला मेमरीतल्या जागांचे लहान पत्तेच लिहिता यायचे. मेमरी वाढली तसे त्याच्या आवाक्याबाहेरचे पत्ते तयार झाले. यावरचा उपाय त्या कॉम्प्युटरांतच होता. मधे एक चिप बसलेली असते. कार्ड आपल्या समजुतीचा पत्ता सांगतं आणि चिप माल खऱ्या पत्त्यावर पोचवते. आमच्या कॉलनीत घरांचे नंबर दोनदा बदलले, तरी पत्रावर जुना नंबर पाहून पोस्टमन बरोबर दारात येतो. तसंच हे.

या पोस्टमनला कामाला लावणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. तो ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये राहतो. आमची ऑपरेटिंग सिस्टीम फुकट मिळणारी, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली. प्रत्येक प्रोसेसर कंपनीचा पोस्टमन निराळा, आणि प्रत्येकाचा ड्रायव्हर भलत्याच फोल्डरात पडलेला. एक प्रोसेसरच्या फोल्डरात, एक कार्डांच्या फोल्डरात, आणि एक अशा जागी, की तो सापडला तेव्हा मला वाटलं कुणीतरी घाईत तिथे विसरून गेलंय. सगळे एकमेकांचं बघून लिहिलेले, त्यामुळे चूकही सगळ्यांत तीच. मोठा फोटो तुकड्यातुकड्यांनी पोचवताना शेवटचा तुकडा यायच्या आतच ते पत्ता पुसून टाकायचे.

त्यामुळे फोटोचा वरचा अर्धा भाग या वॉशरचा यायचा आणि खालचा मागच्या वॉशरचा. दोन चांगले अर्धे जोडून एक वाकडा वॉशर. नाकारलेल्या मालाचं पिंप उत्तम मालाने भरायला लागलं.

कारखान्याचे खरेदी अधिकारी नाशिकरोडचे, माझ्याच वयाचे. आवाज कधी चढवायचे नाहीत, पण टेबलावर एका परदेशी तपासणी यंत्राचं माहितीपत्रक उघडं ठेवायचे, मला उलटं वाचता येईल असं. मी त्यांना सांगितलं की माझ्या हाताने कर्नल दुरुस्त करून देतो, आजच्या आज. त्यांनी मान हलवली. दर वेळी नवा कर्नल आला की तुम्हाला बोलवा, तुम्ही ठिगळ लावा, हे त्यांना नको होतं. दुरुस्ती मूळ कर्नलमध्येच आली पाहिजे. दिवाळीत लाइन बंद असते, तोवर आली तर माझी कार्डं राहतील. नाहीतर सगळ्या लाइनींवर ते माहितीपत्रकातलं यंत्र बसेल. माझ्या गाळ्यातलं बहुतेक काम या एका कारखान्याचं होतं. हे गिऱ्हाईक गेलं असतं तर गाळ्याला कुलूपच लागलं असतं.

मी दुरुस्ती लिहिली. मोजक्या ओळींची. ती कर्नलच्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे तो लिहिणाऱ्यांच्या सामाईक ईमेल यादीवर पाठवली. कुठला बदल आत घ्यायचा हे ठरवणारा तिथला जो राखणदार होता, तोच तो युरोपातला, त्याने कळवलं की दुरुस्ती योग्य आहे, पण एकच गोष्ट इतक्या ठिकाणी चिकटवत बसणं बरं नाही.

नकार म्हणजे बोलणी सुरू झाली, हे मला बाजारात शिकवलेलं. लहान वस्तू हवी असेल तर आधी मोठी मागायची. समोरचा आरडाओरडा करतो, तुम्ही दुखावल्यासारखं करून थोडं खाली येता, तो थोडा वर येतो, आणि जी लहान वस्तू तुम्हाला हवी होती तिथे येऊन दोघंही हुश्श करतात. मी असं ठरवलं की राखणदाराला घाबरवून सोडायचं. बसून एक लांबलचक मेल लिहिला. जगातले सगळे पत्ते बदलणारे ड्रायव्हर गोळा करावेत, त्यांना एकच नवं फोल्डर द्यावं, सगळ्यांना सामाईक असलेला भाग एकदाच लिहावा, प्रत्येक कंपनीने त्याच शिस्तीत यावं. आणि हे सगळं मी स्वतः करीन, वर पुढे सांभाळीनही. शेवटचं वाक्य म्हणजे वजनावर टाकलेली जादा मूठ होती. ती दाखवण्यापुरती असते, गिऱ्हाइकाने खरंच घेऊन जायची नसते.

बायकोने मेल वाचला आणि विचारलं, "आणि तो हो म्हणाला तर?"

"हो कसं म्हणेल? डोकं ठिकाणावर असलेला माणूस याला हो म्हणेल का?"

"तुम्ही लिहिलंय तर चांगलं."

"चांगलं लिहिलं नाही तर तो भांडेल कशाला?"

उत्तर आलं. एका ओळीचं. कल्पना उत्तम आहे, पाठवा. लहान दुरुस्तीचं काय, तर ती अर्थातच नव्या फोल्डरात, स्थलांतर झाल्यावर.

मी काय बोलतोय ते शेजारच्या वेल्डिंगवाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून मी खुर्चीवरून उठून गाळ्याचं शटर खाली ओढलं. मग त्या राखणदाराला लिहिलं, की इतक्या मोठ्या प्रस्तावाला तुम्ही काहीच हरकत घेतली नाही याचं मला आश्चर्य वाटतं. त्याचं उत्तर अगदी सभ्य होतं. मी हरकत घ्यावी अशी तुमची इच्छा आहे का, असं त्याने विचारलं होतं.

मी खाली यायला लागलो. सगळे ड्रायव्हर राहू देत, दोनच हलवू, असं लिहिलं. तो म्हणाला, पण सगळे हलवणं जास्त बरोबर, तुमचंच तर म्हणणं होतं. मी लिहिलं, एक हलवतो आणि बाकीच्यांसाठी जागा मोकळी ठेवतो. तो म्हणाला, घाई नको, सावकाश सगळे करा. मी जितका खाली येत होतो तितका तो मला हात देऊन वर चढवत होता. असला माणूस आमच्या बाजारात एक सकाळ टिकला नसता. किंवा त्याने सगळा बाजार बंद पाडला असता.

दिवाळी जवळ येत होती आणि दुसरा रस्ता नव्हता. मी फायली हलवायला घेतल्या. एक फाईल उचलली की तिच्यावर अवलंबून असलेल्या दहा ठिकाणी आरडाओरड. श्रावण गेला, गणपती गेले, आमच्याकडे आरतीला मी हातात टाळ घेऊन डोक्यात फोल्डर हलवत उभा होतो.

काम होत आलं तेव्हा लिस्टवरची बाकीची माणसं जागी झाली. मी काय हलवलं, कसं हलवलं, यावर कुणी काही बोललं नाही. फोल्डरचं नाव काय ठेवायचं, यावर मात्र सगळे तुटून पडले. एका प्रोसेसर कंपनीच्या माणसाला आपलं नाव हवं होतं, कारण ते आधीपासून आहे. दुसऱ्या कंपनीचा म्हणाला, त्यांचं नाव असेल तर आमचा ड्रायव्हर त्या छपराखाली येणार नाही. लग्नाच्या पंगतीत दोन व्याह्यांनी एकाच पाटावर दावा सांगावा तसं चाललं होतं. माझ्या जिवाला मात्र बरं वाटलं. शेवटी कुणीतरी माझ्याशी माणसासारखं बोलत होतं.

मी पहिल्याला खासगीत कळवलं की दुसरा फारच अडून बसलाय, नावाचा आग्रह सोडला तर सामाईक भाग तुमच्या पद्धतीने लिहिता येईल. दुसऱ्याला कळवलं की पहिल्याचं नाव मी मोठ्या कष्टाने काढायला लावतोय, बदल्यात सामाईक भागावर कुरकुर करू नका. दोघांनी आपापला आब राखत माघार घेतली आणि दोघांनाही आपण जिंकलो असं वाटलं. फोल्डरला कुणाचंच नाव दिलं नाही. राखणदाराने लिस्टवर लिहिलं, की इतक्या लवकर एकमत झालेलं त्याने पाहिलं नव्हतं. त्याला वाटलं, ते आपसूक झालं.

फोल्डर कर्नलमध्ये आलं, मागोमाग माझ्या मोजक्या ओळी आल्या. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मी नवा कर्नल घेऊन कारखान्यात गेलो. पट्टा सुरू केला. वॉशर अख्खे दिसायला लागले, आणि त्या दिवशी पिंपात जे पडले ते खरोखर वाकडे होते.

खरेदी अधिकाऱ्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. त्यांनी माझ्या कामाची नोंद नेटवरून छापून आणली होती. फाईल जशीच्या तशी एका फोल्डरातून दुसऱ्यात गेली तर कर्नलच्या नोंदीत ती बदलली म्हणून धरतच नाहीत. एकेका हलवलेल्या फायलीपुढे शून्य.

"शेठ, हे बघा. शून्य ओळी. शून्य. शून्य. आणि दुरुस्ती आता फुकटच्या कर्नलमध्ये आहे. मग वर्षाच्या देखभालीचं तुम्हाला कशासाठी द्यायचं? कार्डंसुद्धा जुन्या भावात परवडत नाहीत आता." माहितीपत्रक अजून टेबलावर होतं.

सहा महिने ज्याची वाट पाहिली ते अखेर माझ्यासमोर बसलं होतं. मी चहा बाजूला ठेवला.

"साहेब, मार्केट यार्डात ट्रकमधून माल उतरवून गाळ्यात ठेवला, तर तो वाढतो का?"

"नाही."

"कमी होतो?"

"नाही."

"मग हमाली का देता?"

ते म्हणाले की हमाली वजनावर असते, आणि माझ्या मालाला वजन नाही. मी म्हणालो, नाही ना, म्हणून तर तो उचलणारा नाशकात दुसरा सापडत नाही. त्यांनी माहितीपत्रक माझ्याकडे सरकवलं. मी ते त्यांच्याकडे परत सरकवलं आणि विचारलं, यातलं यंत्र बिघडलं तर त्या कंपनीचा परदेशातला माणूस अंबडला कितव्या दिवशी पोचेल. मग देखभालीवर बोलणं गेलं, तिथून कार्डांवर, तिथून पुन्हा देखभालीवर. मी एकदा उठून दारापर्यंत गेलो. त्यांनी मला जाऊ दिलं, मग शिपायाकरवी बोलावलं. दुसरा चहा आला. जेवणाची सुट्टी झाली आणि संपली.

कार्डं सगळ्या लाइनींवर राहिली, थोड्या उतरत्या भावात. देखभाल निम्मी गेली. माहितीपत्रक त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकलं. आणि फोल्डरच्या कामासाठी वेगळं काहीतरी द्यायला ते तयार झाले, पण ते कुठल्या खात्यात बसवायचं हे त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी माझाच शब्द धरला. पावतीवर लिहिलं, माल चढवणे-उतरवणे.

मी भडकलो. सगळ्या जगाचे ड्रायव्हर एका जागी आणले आणि पावती हमालाची. त्यांनी शांतपणे पेन पुढे केलं. सही करण्याआधी मी एवढंच म्हटलं, की चढवणे आणि उतरवणे ही दोन कामं आहेत, दर दोन लागतील. त्यांनी हसून पेन खाली ठेवलं आणि तिसरा चहा मागवला.