हेलसिंकीचे चार दिवस आणि अकरा म्हशी

सर माझ्या टेबलापाशी आले, फाइलमधलं कव्हर लेटर उचललं, वाचलं आणि परत ठेवलं.

"हे असं पाठवणार तुम्ही? व्यवसाय, म्हशी पाळणे?"

"तोच आहे त्यांचा व्यवसाय, सर."

"डेअरी फार्म प्रोप्रायटर लिहा. आणि चार दिवसांसाठी हेलसिंकीला कोण जातं? दहा दिवस, पाच देश करा. नाहीतर रिजेक्ट होणार."

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत एकोणीस वर्षं मी व्हिसा डेस्क सांभाळते. लोकांना परदेशी जायचं असतं, त्यांचे कागद मी जमवते. कव्हर लेटर म्हणजे अर्जासोबतचं पत्र. मी कोण, कुठं चाललो, का चाललो आणि परत का येणार, हे त्यात सांगायचं. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. हा माणूस तिकडंच राहिला तर, एवढीच व्हिसा देणाऱ्याला काळजी असते.

सर म्हणजे एजन्सीचे मालक, आणि त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. पहिल्यांदाच देशाबाहेर जाणारं जोडपं. इंग्रजी येत नाही. नोकरी नाही, म्हणजे ऑफिसचं रजेचं पत्र नाही. फिनलंडमध्ये ओळखीचं कुणी नाही. आणि एवढ्या लांब जाऊन मुक्काम फक्त चार रात्री. कागदावर हे विचित्रच दिसत होतं.

जोडपं कुरुंदवाडचं. आप्पा आणि कमलकाकू. पहिल्यांदा आले तेव्हा मीही तेच विचारलं होतं, चारच दिवस का?

आप्पा म्हणाले, "अकरा म्हशी हायत. गारगोटीचा भाऊ मास्तर हाय, शाळंची सुट्टी हाय तवर त्यो गोठा बघतो म्हणालाय. पण जूनच्या मध्याला दोन म्हशी व्यायच्या हायत. त्याच्या आत मी घरात पायजे."

"मग जवळ कुठंतरी जा. उटी, मनाली."

यावर काकू पहिल्यांदा बोलल्या. "लग्नाला तीस वर्षं झाली. आमी दोघं मिळून एक रात्र भाईर काढली न्हाय. लग्नाकार्याला गेलो तरी धारंच्या टायमाला एकजण माघारी. आता जायाचं तर लांब. थंड. आणि जिथं कोण पावणं न्हाईत तिथं."

हेलसिंकी त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. बंदराशेजारचा बाजार, बोटीनं जायचं बेट, त्यावरचा किल्ला. सगळं पायी फिरता येण्यासारखं. खरं सांगायचं तर चार दिवसांना याहून बरं शहर मलाही सुचलं नसतं.

आता सरांचं ऐकावं का? काही वर्षांपूर्वी मी एकदा असंच ऐकलं होतं. एका क्लायंटच्या छोट्या दुकानाची पत्रात कंपनी केली. त्याला दूतावासातून फोन आला, त्यानं सरळ सांगितलं की आपलं किराणा दुकान आहे. व्हिसा गेला. तो परत आमच्या ऑफिसात आला नाही.

मी सरांना म्हटलं, "मी हे असंच पाठवते. फक्त पुरावे वाढवते."

"जबाबदारी तुमची. रिजेक्ट झालं तर त्यांना तुम्हीच सांगायचं."

"सांगते."

रविवारी मी कुरुंदवाडला गेले. आप्पांनी मला गोठ्यात फिरवलं, प्रत्येक म्हशीचं नाव सांगितलं. मी विचारलं, भाऊ आहेत, मग आणखी चार दिवस राहिलात तर काय बिघडेल?

"अनोळखी हात लागला की दूध चोरत्यात, ताई. भावाला जाऊन-येऊन सा दिस सोसतील. धा दिस न्हाय सोसायच्या. आटल्या की बसलो आमी."

मला पाहिजे होतं ते हेच. ज्याला नोकरीवाले रजेचं पत्र म्हणतात, ते इथं गोठ्यात बांधलेलं होतं. मी कागद मागितले. दूध संस्थेचा दाखला, की हे रोज दोन वेळा दूध घालतात. जनावरांच्या डॉक्टरांचं पत्र, दोन म्हशी गाभण असल्याचं आणि विण्याच्या अंदाजे तारखेचं. भावाचं पत्र, मी अमुक ते अमुक दिवस गोठा सांभाळीन आणि मग माझी शाळा सुरू होते. सगळ्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं.

प्रवासाचा आराखडाही मी भपका न करता लिहिला. पहिला दिवस आराम. दुसरा बाजार आणि बंदर. तिसरा बेट. चौथा बाग, थोडी खरेदी. एका दिवशी रात्री नऊला समुद्राकाठी फेरफटका लिहिला, तर काकूंनी बोट ठेवलं. "अंधारात कशाला?" जूनमध्ये तिकडं रात्री दहालाही ऊन असतं, हे मी सांगितलं. त्या आप्पांकडं वळल्या. म्हणाल्या, "मग जाऊ की."

पुण्याच्या व्हिसा सेंटरमध्ये बोटांचे ठसे देऊन दोघं परत आले. सीझन असा होता, की नकार आला असता तर दुसरी अपॉइंटमेंट त्या उन्हाळ्यात मिळाली नसती. नवव्या दिवशी सकाळी आप्पांचा फोन.

"ताई, दूतावासातनं बाईंचा फोन आलता. हिंदीत बोलत होत्या."

"काय विचारलं?"

"चारच दिवस का जाताय म्हणाल्या."

"आणि तुम्ही?"

"म्हटलं, पाँचवे दिन म्हैस मेरे को ढूंढती है. मग कुठली म्हैस कदी व्यायची त्ये इचारलं. त्ये सांगितलं. मग भावाचं नाव इचारलं. संपलं."

"आणखी काही?"

"म्हशी किती दूध देत्यात म्हणाल्या. त्या बाईंच्या घरी बी असणार, मला वाटतंय."

त्यानंतरचा आठवडा मी सरांच्या केबिनवरून शक्यतो गेले नाही. मग पासपोर्ट आले. दोघांनाही व्हिसा, मागितलेल्या दिवसांचा.

ते जाऊन आले. ठरलेल्या दिवशी मुंबईला उतरले आणि रात्रभर प्रवास करून सकाळच्या धारेला गोठ्यात हजर झाले. काकू ऑफिसात येऊन बराच वेळ बसल्या. बेटावर दोघं गवतावर तीन तास नुसते बसले होते, एवढंच त्यांनी सांगितलं. फोटो मागितले तर एकच निघाला, तोही बोटीचा.

पुढच्या महिन्यात शिरोळच्या एका पोल्ट्रीवाल्याची फाइल सरांनी माझ्याकडं सरकवली आणि म्हणाले, "जे आहे ते लिहा. कोंबड्या मोजून या."

एवढ्या वर्षांत मी एक शिकले. कागद खरा असला की क्लायंटला काही पाठ करावं लागत नाही, आणि फोन कधीही आला तरी चालतो.