विहिरीतलं डिझेल

तेल पिणारं आणि पाण्याला न शिवणारं कापड बनवण्यात माझी पाच वर्षं गेली होती. गिरणीतून फेकली जाणारी बारीक रुई घ्यायची, तिची पातळ गादी करायची, तिच्यावर पॉलिमरचा लेप चढवायचा आणि भट्टीत वाळवायची. ट्रेमधल्या पाण्यावर डिझेल ओतून त्यावर ती गादी ठेवली, की थोड्या वेळात पाणी लख्ख. विद्यापीठात येणाऱ्या पाहुण्यांना हा खेळ दाखवून मी भरपूर शाबासकी मिळवली होती. ट्रेमधलं पाणी कोणी पिणार नसतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

मे महिन्यात बाबांचा फोन आला. आमचं गाव चिखली तालुक्यात, उंद्रीच्या जवळ. वादळानं खांब पडले होते, चार दिवस लाईन नव्हती, म्हणून बाबांनी कोणाचं तरी डिझेल इंजिन मागून आणून विहिरीच्या काठावर बसवलं होतं. इंजिनात डिझेल ओतताना कॅन हातातून निसटली आणि थेट खाली गेली.

"पंधरा-ईस लिटर असन," बाबा म्हणाले. "सगळ्या पान्यावर तवंग आला. तुह्यं ते कापड घेऊन येशीन का?"

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

गावात नळ दहा-बारा दिवसांनी येतो. आमच्या वस्तीतली सहा घरं याच विहिरीचं पाणी पितात. आजोबांनी खोदलेली ही आमच्या लोकांची पहिली स्वतःची विहीर. त्याआधी दुसऱ्यांच्या विहिरीपासून लांब उभं राहून, कोणी वरून पाणी ओतेल का, याची वाट पाहावी लागायची. मे महिन्यात तळाशी जेमतेम दीड पुरुष पाणी उरतं आणि झरा नुसता पाझरतो. हे पाणी गेलं तर पावसाळ्यापर्यंत प्यायला त्या नळाशिवाय काही नाही.

माझ्या सरांनी होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या गाद्या घेऊन जायला सांगितलं. दोन पोती भरून मी चिखलीची एसटी धरली. आता लाज वाटते, पण खरं सांगते, त्या एसटीत मी खुशीत होते. विहिरीचे आधीचे आणि नंतरचे फोटो प्रबंधात कुठे लावायचे, ते मी ठरवत होते.

विहिरीत वाकून पाहिलं. तवंग कुठेच नव्हता. खाली दुधासारखं पांढरट पाणी आणि कडेला फेस. काठावर धुण्याच्या पावडरीच्या पाच रिकाम्या पिशव्या, आणि इंजिनाचा पाणी बाहेर टाकणारा पाईप वळवून परत विहिरीतच सोडलेला.

"दोन घंटे फिरवलं पानी," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे धुरानं लाल झाले होते, पण चेहरा समाधानी होता. "चांगलं मिसळलं. पाह्य, तेल दिसते का कुठं?"

तेल दिसत नव्हतं, कारण ते आता सगळ्या पाण्यात होतं. साबणानं त्याचे बारीक बारीक थेंब केले होते आणि ते थेंब वर तरंगायला तयार नव्हते. तरी मी गाद्या सोडल्या. दुसरं काय करणार? एकेक गादी दोरीला बांधून खाली सोडत गेले. पाण्याला न शिवणारं माझं कापड साबणामुळे पाणी पिऊ लागलं, जड झालं आणि माझ्या डोळ्यांसमोर बुडायला लागलं. सरांना फोन केला. त्यांनी साबण किती टाकला ते विचारून घेतलं. मग म्हणाले, "उपसून टाका."

मी बाबांवर ओरडले. जन्मात कधी ओरडले नव्हते. "कोणी सांगितलं होतं साबण टाकायला? मी येईपर्यंत दम निघत नव्हता का तुम्हाले?"

बाबा गोंधळले. "तूच तं म्हनली होती बाई. मांगच्या साली आली तवा मी इचारलं, तू तिकडं काय बनवतं? तं तू म्हनली, साबनच समजा बाबा, तेल काढनारा. मले वाटलं, तू येईस्तोवर निम्मं काम होऊन जाईन. तुले तरास नको."

म्हणाले होते मी. मोबाईलमधून मान वर न करता म्हणाले होते. त्यांना नीट सांगायला वेळ लागला असता आणि त्यांना कुठे कळणार आहे, असं मला वाटलं होतं. माझं कापड साबणाच्या अगदी उलट काम करतं, एवढं एक वाक्य पुरलं असतं.

दुपारभर इंजिन चालवून आम्ही विहीर उपसली. ते पांढरं पाणी लांबच्या पडीत जमिनीवर सोडलं. मग बाबा दोरीनं आत उतरले आणि तळाचे दगड घासू लागले. साठाव्या वर्षी. मी उतरते म्हटलं, तर ऐकलं नाही. वरून मला त्यांची फक्त पाठ दिसत होती.

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. त्यांच्यामागे वस्तीतल्या चार बाया, सगळ्यांकडे रिकाम्या घागरी. काकूंनी आत डोकावून पाहिलं.

"काऊन बाई, तुह्यं कापड चाललं नाही का?"

मी तोंड उघडण्याआधी विहिरीतून बाबांचा आवाज आला. "तिचं कापड बराबर हाय. म्याच मधी साबन टाकला. माह्याच डोक्यानं."

काकूंनी मग काही बाकी ठेवलं नाही. पोरगी एवढी शिकलेली, दोन घंटे तिची वाट पाहता आली नाही का, आता लेकराबाळांनी काय प्यायचं, म्हातारपणी अकलेचे दिवे पाजळले. बाबा खाली उभे राहून ऐकत होते. "हाव, चुकलंच माह्यं," एवढंच म्हणाले.

साबण मीच सांगितला होता, एवढं बोलायचं होतं. पण त्या पाचही जणी माझ्याकडे शिकलेली पोर म्हणून मोठ्या मायेनं पाहत होत्या. बाबांनी मान वर केली नाही, मला सोपं जावं म्हणूनच असेल. आणि मी गप्प बसले.