जिन्यापासून सातवा खांब

सामना सुरू होऊन अकरा मिनिटं झाली होती आणि पक्केंनी अजून एकदाही चेंडूकडे धड पाहिलं नव्हतं. त्यांची नजर पडद्याच्या डाव्या टोकाला चिकटून बसली होती.

“भाऊजी, खेळ मधोमध चाललाय,” मेहुणा म्हणाला. “कोपऱ्यात काय हरवलंय तुमचं?”

“मला दिसतंय. तू तुझं बघ.”

मेहुणा पोस्टमन. सुट्टीच्या दिवशी सामना असला की जेवण उरकून बहिणीच्या घरी हजर. पलंगावर मांडी ठोकून बसायचा आणि खेळाडूंना असे हुकूम सोडायचा, की जणू त्यांचा पगार हाच देतो. आज त्याच्या आवाजाला धार होती. हिरव्या कपड्यांतला आपला संघ आज जिंकला तरच वरच्या गटात राहणार होता. बरोबरी झाली तरी खाली. मोसमातला शेवटचा सामना, आणि तोही घरच्या मैदानावर.

पक्के चाळीस वर्षं या संघाच्या मागे होते. संघ हरला की जेवण जायचं नाही, जिंकला की कामावर शीळ घालत जायचे. आणि आज हा माणूस मनातल्या मनात एकच घोकत होता: गोल नको. आपला गोल होऊ देऊ नका.

कारण गोल झाला की लोक पुढे धावतात. धावले की कठड्यावर येऊन आदळतात. आणि पूर्वेच्या गॅलरीच्या कठड्यातला, जिन्यापासूनचा सातवा खांब कच्चा आहे, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं.

पक्के हे त्यांचं खरं नाव नव्हे. तीस वर्षं वेल्डिंग केलं. जोड ओढून झाला की वरची खपली हातोडीने उडवायची, तारेचा ब्रश मारायचा, गार झाल्यावर अंगठा फिरवायचा आणि म्हणायचं, “पक्कं.” एवढं म्हटलं की मागून कुणी तपासायला येत नसे. सोबतच्यांनी तेच नाव ठेवलं. दुसऱ्याचं अर्धवट काम त्यांच्या डोळ्यांत सलायचं. मेहुण्याने स्वतःच्या हाताने बसवलेल्या फाटकाची बिजागरी तिरकी आहे, हे त्यांनी त्याला चौदा वर्षांत किती वेळा ऐकवलं असेल, त्याला गणती नाही.

तो कठडा त्यांच्या हातचा. सत्तेचाळीस चौकोनी खांब. खांब उभे होते पायरीच्या बाहेर, अरुंद ओट्यावर. पायरीची भिंत आणि खांब यांच्यात जेमतेम चार बोटांची फट. तीन बाजू सरळ जोडता यायच्या. चौथी, आतली बाजू दिसायचीच नाही. तिथे छोटा आरसा टेकवायचा, वेल्डिंगचा रॉड वाकवून फटीत घालायचा आणि आरशात बघत जोड ओढायचा. आरशात डावं ते उजवं. हात एकीकडे जातो, डोळे दुसरीकडे. एका बाजूला पाऊण तास. मान आखडून जायची. पण मागून लोकांचा रेटा आला की सगळा ताण नेमका त्याच बाजूवर येतो. म्हणून ती सोडून चालत नाही.

शेहेचाळीस खांबांना त्यांनी ती केली. सातवा शेवटी राहिला, कारण तिथे परांचीचे बांबू टेकवून ठेवलेले होते. गॅलरीचं उद्घाटन दुसऱ्या दिवशी. बांबू निघाले तेव्हा पाच वाजून गेले होते. सहा वाजता आपल्या संघाचा बाहेरगावचा सामना, टीव्हीवर. पक्केंनी तीन बाजू ओढल्या, चौथीत पुट्टी भरली, वरून रंग फासला. पहाटे येऊन करून टाकू. खाली उभ्या असलेल्या फिटरने हाक मारली. तो उंच आणि काटकुळा, म्हणून सगळे त्याला गज म्हणायचे.

“झाले का रे सगळे?”

“पक्कं!” पक्के वरून म्हणाले.

पहाटे गेले तर फाटकावर पहारा. कामगारांना आत सोडत नव्हते. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. त्या संध्याकाळी आपला संघ दोन गोलांनी जिंकला होता.

इतकी वर्षं कठड्यामागे खुर्च्या होत्या. लोक बसून बघायचे, खांबाला कोण धक्का देतो? पक्के ते विसरलेही होते. या मोसमात पुढच्या चार रांगांच्या खुर्च्या काढून तिथे उभ्याने बघायची सोय केली. आणि तीन आठवड्यांपूर्वी टीव्हीवर दिसलं: सातव्या खांबाच्या बुडातून निघून खालच्या भिंतीवर उतरलेला तांबूस ओघळ. डाव्या हाताचा कॉर्नर असला की कॅमेरा झेंड्याजवळ जायचा, तेव्हा मागची ती जागा पाच-सहा सेकंद दिसायची. टीव्हीचा रंग बिघडलाय, असं पक्केंनी स्वतःला सांगितलं. चोराच्या मनात चांदणं, म्हणाले. आणि तेव्हापासून प्रत्येक सामन्यात डाव्या कॉर्नरची वाट बघत बसले.

“कॉर्नर!” मेहुणा पलंगावर उडाला. अडतिसावं मिनिट. हिरव्यांना, डाव्या हाताला.

पक्के उठून पडद्याशी गेले. एक, दोन, तीन... जिना दिसत नव्हता, पण पाचव्या खांबावर पाटी होती, तिच्यावरून त्यांना मोजता यायचं. सातवा. ओघळ होता. मागे वीतभर होता, आता हातभर. टीव्हीचा रंग नव्हे. लोखंड आतून सडल्याशिवाय असं पाणी सोडत नाही.

खांबाला खेटून एक जाडजूड माणूस उभा होता. लाल टोपी, कोपर कठड्याच्या आडव्या दांड्यावर. बाबा रे, जरा सरक, पक्के मनात म्हणाले. सहाव्याला टेक. सहावा हत्तीला ऐकणार नाही. चेंडू उडाला तशी लाल टोपी पुढे झुकली आणि दांडा हलला. केसभर. की कॅमेरा हलला?

“अहो, काच पुसताय की सामना बघताय?” बायको म्हणाली. ती दाराशी बसून सदऱ्याची बटणं लावत होती.

चेंडू गोलच्या खांबावरून बाहेर गेला. पक्केंच्या तोंडून निघालं, “हुश्श.”

“हुश्श?” मेहुणा बघतच राहिला. “भाऊजी, आपल्या माणसाने घालवला तो! तुम्ही नक्की कुणाकडून आहात?”

शून्य-शून्यवर मध्यांतर झालं.

पक्के फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले. बायको चहा टाकत होती. गज आता त्याच मैदानाच्या देखभालीवर होता, आज तिथेच असणार. पण सांगायचं कसं? सहज नजरेला पडलं, बघून घे, असं गुळमुळीत सांगता आलं असतं. पण असले ओघळ त्या मैदानात शंभर असतील. गज म्हणेल, उद्या बघू. आज, आत्ता माणसं हटवायची तर चौथ्या बाजूचं बोलावं लागणार. त्याखेरीज गत्यंतर नव्हतं. त्यांनी दोनदा नंबर काढला, दोनदा ठेवला. तिसऱ्यांदा लावला.

“कोण, पक्के? अरे, आज नको, इथे नळ फुटलाय, मी—”

“पूर्वेच्या गॅलरीत, जिन्यापासून सातवा खांब. तिथली माणसं हटव. आत्ता.”

“का? काय झालं?”

“गंजलाय. टीव्हीवर ओघळ दिसतोय.”

“ओघळ कुठे नाहीत? उद्या बघतो.”

“चौथी बाजू नाही त्याला.”

“म्हणजे?”

“जोडलीच नाही. पुट्टी भरून रंग मारला होता.”

फोनमधून लोकांचा कल्ला येत होता. तोच कल्ला बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीतून येत होता.

“कुणी?”

“कुणी म्हणजे? मी.”

गज म्हणाला, “मी विचारलं होतं तुला. खाली उभं राहून विचारलं होतं.”

“हो.”

“ठेव.”

बायकोने सगळं ऐकलं होतं. तिने कप पुढे केला. पक्केंनी तो बाहेर नेऊन खुर्चीच्या हातावर ठेवला आणि तो तिथेच गार झाला.

उत्तरार्धात बाजू बदलल्या. आता डावा गोल आपला. म्हणजे डाव्या हाताचा कॉर्नर मिळायचा तर पाहुण्यांना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. गजने केलं का काही? की नळच दुरुस्त करत बसला? एकसष्टाव्या मिनिटाला चेंडू हिरव्यांच्या बचावपटूच्या पायाला लागून बाहेर जाऊ लागला.

“जाऊ दे, जाऊ दे बाहेर,” पक्के म्हणाले.

“भाऊजी!” मेहुण्याचा आवाज चिरकला. “कॉर्नर बसतोय आपल्यावर!”

“बसू दे.”

“ताई, यांना ताप आहे का बघ गं.”

कॅमेरा झेंड्याजवळ गेला. पिवळी फीत ताणलेली होती. सहाव्यापासून आठव्यापर्यंत जागा रिकामी. फितीमागे पिवळी जाकिटं घातलेले तिघे हात पसरून उभे, आणि त्यांतला उंच काटकुळा तो गज. लाल टोपीवाला त्याच्याशी तावातावाने भांडत होता.

“हे बघा, हे बघा!” मेहुणा उखडला. “आपल्याच लोकांना हाकलतायत! ऐन मोक्याला! कोण शहाणा आहे हा?”

“असेल काही कारण,” बायको बटणावरून नजर न काढता म्हणाली.

पक्केंनी पहिल्यांदा पाठ टेकली. आता गोल मागायला हरकत नव्हती. पण मागवेना. फीत म्हणजे काय, कागदच. पंचवीस हजार माणसांना वर्षभराची तहान लागलेली, ती फितीने थांबते होय? तिघांच्या जिवावर तो नऊ-दहा हात लांबीचा कठडा सोडलाय. दांड्यापलीकडे दीड पुरुष खोल, आणि खाली सिमेंटची वाट. ज्याने पाऊण तास वाचवला तो इथे घरात खुर्चीवर बसलाय.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला गोल झाला.

कसा झाला, ते पक्केंना आजही सांगता येणार नाही. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मेहुण्याची आरोळी, पलंगाची करकर, शेजारच्या भिंतीपलीकडचा दणका. पडद्यावर गोल करणारा धावत होता, त्याच्या अंगावर बाकीचे पडत होते. मग तोच गोल पुन्हा दाखवला. मग वरून दाखवला. मग जाळीच्या मागून.

“तिकडे दाखवा!” पक्के उभे राहून ओरडले. “अरे, गॅलरी दाखवा! गोल कळला, गॅलरी दाखवा!”

मेहुणा नाचायचा थांबला. कुणी गॅलरी दाखवली नाही. वाढीव वेळेची पाटी आली, पाच मिनिटं. फोन वाजला तेव्हा त्यातली तीन गेली होती.

“गेला,” गज म्हणाला. त्याला धाप लागली होती.

“कोण?”

“खांब. फीत तोडून आले सगळे. आम्ही आडवे झालो, तरी चार-पाच जण पोचलेच. सातवा बुडातून सुटला. लोंबतोय. सहाव्या-आठव्याने दांडा धरून ठेवला म्हणून.”

“माणसं?”

“एकाची टोपी खाली पडली. टोपीमागोमाग तोही निघाला होता, मी कॉलरला धरला. खांदा निखळल्यासारखा झालाय माझा.”

“सहावा-आठवा चांगले आहेत,” पक्केंच्या तोंडून निघून गेलं. “बाकी सगळे चांगले आहेत.”

“ते आता हातोडी सांगेल. उद्या आठला ये. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस ठोकून बघणार आहेत. कागदावर सही लागेल तुझी.”

“आरसा घेऊन येतो.”

“आरसा कशाला? जोडायला दुसरी माणसं आहेत. तू नुसता उभा राहा तिथे.” गजने मागे कुणाला तरी ‘आलो’ म्हणून सांगितलं. “लवकर सांगितलं असतंस तर बरं झालं असतं, पक्के. पण सांगितलंस.”

शिट्टी झाली. हिरवे राहिले. मेहुणा नाचला नाही. तो पलंगाच्या कडेला बसून भाऊजींकडे बघत होता.

“काय झालंय?”

पक्केंनी सांगितलं. सहा वाक्यांत संपलं. स्वतःची बाजू सांगायची तर ती त्यांच्याजवळ नव्हती.

मेहुण्याने चपला पायात सरकवल्या. दारात थांबला. “माझं फाटक तिरकं आहे,” तो म्हणाला, “पण उभं आहे.” मग त्यालाच ते लागलं असावं. “उद्या मी येतो सोबत. साडेसातला. टपाल जरा उशिरा वाटू.”

तो गेल्यावर बायकोने दोरा दाताने तोडला.

“त्या दिवशी तुम्ही लवकर आला होतात,” ती म्हणाली. “हातपाय न धुता टीव्हीपुढे बसलात. मी म्हटलंही, आज काम लवकर आटोपलं वाटतं.”

“मी काय म्हणालो?”

“दुसरं काय म्हणणार? जे नेहमी म्हणायचात तेच.”

पडद्यावर खेळाडू मैदानाला फेरी मारत होते. ते डाव्या कोपऱ्यावरून गेले. कॅमेरा त्यांच्या तोंडांवर होता, मागे पिवळी जाकिटं पुसट दिसत होती. पक्के बघत नव्हते. त्यांनी डोळे मिटून जिन्यापासून सुरुवात केली होती. पहिला: आरसा टेकवला, दोन रॉड लागले, जोड सलग आला. दुसरा: तिथे हाताला चटका बसला होता, पण जोड पुरा केला. तिसरा. चौथा. पाचवा. सहाव्याचीही शपथ घेता येत होती. आठव्यापाशी ते अडले. आठव्याला आरसा लावल्याचं आठवत होतं, पण ते आठवत होतं की आता आठवायला हवं होतं म्हणून आठवत होतं, हे कळेना. ते पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले.