७७७७ नंबरचं दार

लातूरच्या एका खासगी रक्तपेढीचा सर्व्हर मी नांदेडला घरी बसून सांभाळायचो. फ्रीजमधलं तापमान वाढलं की त्यावरून सगळ्यांच्या फोनवर इशारा जाई. वीज जाऊन आली की लॉगिन करून तो इशारा मलाच पुन्हा चालू करावा लागे.

लॉगिनच्या नेहमीच्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या ठरलेल्या नंबरच्या दारावर, अनोळखी लोक दिवसभर पासवर्ड लावून बघत. पोर्ट बदलू, असं मी सुचवलं. रक्तपेढीच्या अध्यक्षांनी लगेच नवा नंबर दिला: ७७७७. त्यांच्या गाडीचाही तोच. बैठकीत टाळ्या पडल्या.

नंबर बदलला आणि लॉगिनची सेवा चालूच होईना. ‘परवानगी नाही.’ सर्व्हरमधली सुरक्षा लॉगिनला नोंदवलेल्या पोर्टशिवाय कुठे बसू देत नव्हती, आणि नोंद करायचं साधन त्या मशीनवर नव्हतं. आधीची एक जोडणी तेवढी शाबूत होती. ती तुटली असती तर मी कायमचा बाहेर.

“झालं का? उद्घाटनाचे पाहुणे खोळंबलेत,” अध्यक्ष फोनवर म्हणाले.

मी सुरक्षा तात्पुरती झोपवली. ७७७७ चालू झाला. सर्व्हरला हार घातला गेला, खोलीला पितळी कुलूप लागलं, चावी अध्यक्षांच्या खिशात गेली. नोंद उद्या करू, असं मी ठरवलं. मशीन पुन्हा चालू झालं की सुरक्षाही जागी होते आणि ७७७७ पुन्हा अडवते, हे मला पक्कं ठाऊक होतं. उद्या झाला, परवाही झाला.

मग एका दुपारी तिथल्या टेक्निशियनबाईंचा फोन आला.

“सर, लाईट जाऊन आली. इशारा चालू करा, मी रेणापूरला कॅम्पला निघाले.”

मी लॉगिन करून पाहिलं. नकार. पुन्हा नकार.

“ताई, सर्व्हरची खोली उघडता येईल?”

“चावी साहेबांकडं हाय. साहेब सत्काराला गेलेत उदगीरला. फोन उचलत न्हाईत.”

“मग जाऊ नका. फ्रीजपाशी थांबा, आकडा बघत राहा. सहा अंशांच्या वर रक्त टिकत नाही.”

“तिकडं रक्त द्यायला लोक येऊन बसलेत, सर.”

“माझी चूक आहे ताई. थांबा.”

मी लातूरची बस धरली. बस लोह्याला पोचली तेव्हा ताईंनी फोनवर चार सांगितलं, अहमदपूरला पाच. पुढे वीसेक मिनिटांनी त्यांचा आवाज बदलला.

“सर, सहाच्या वर चाललं. हा फ्रीज बसला. पिशव्या दुसऱ्यात हलवते.” हलवता हलवता त्यांनी विचारलं, “मी गेले असते तर?”

दुसऱ्याचाही आकडा सांगत राहा, एवढंच मी म्हणालो. दुसऱ्या फ्रीजवरही आता त्यांच्याशिवाय कुणाची नजर नव्हती.